पांढरा चेहरा

१

पूर्वाच्या चित्रातल्या बाईला चेहरा नव्हता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. पाच फुटी कॅनव्हास, लाकडी खुर्ची, विटकरी लुगडं, मांडीवर एकमेकांत अडकवलेले हात. पण पदराच्या काठाखाली, जिथे शुक्रवारपर्यंत आमची मॉडेल गंगूबाई होती, तिथे नुसतं पांढरं होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत.

मंगळवारची सकाळ, साडेदहा. एप्रिलचं ऊन, कूलरमध्ये पाणी नाही, आणि गुरुवारी ज्युरी. मी पिशवी दारातच खाली ठेवली. मनात पहिला विचार आला तो असा की, कोल्हापुरात काय वाईट चाललं होतं माझं?

मी अमिता घोरपडे. दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या एका खासगी कला महाविद्यालयात नोकरी मिळाली म्हणून आले. चौथ्या वर्षाच्या सात मुलांना ॲडव्हान्स पेंटिंग शिकवते. या कोर्सचा सगळा भार एका मोठ्या चित्रावर असतो. मॉडेल समोर बसवून मुलं महिनाभर ते रंगवतात, मग ज्युरीला बाहेरचे परीक्षक येतात आणि त्या एका चित्रावर डिग्रीचे निम्मे गुण ठरतात. माझी नोकरी मात्र कंत्राटी. दर जूनमध्ये विभागप्रमुख दिवाकर सर सही करतात, तेव्हा मी पुढचं वर्ष राहते.

"मॅडम," मागून पूर्वाचा आवाज आला. सहा दिवस तापाने घरी होती, आजच परतली होती, चेहरा उतरलेला. "मॅडम, ये क्या है?"

मी वळले, तर खिडकीजवळच्या इझलमागे ऋग्वेद उभा होता. त्याच्या उजव्या बाहीला कोपरापर्यंत पांढरा रंग लागलेला होता.

२

दिवाकर सर येण्याआधी लवंगेचा वास येतो. मुलं त्या वासावरून मोबाइल लपवतात. या वेळी वास आला तरी कुणी हललं नाही.

सरांनी दारातूनच सगळं पाहिलं. पांढरा चेहरा, पांढरी बाही. झालं, त्यांच्यापुरता खटला संपला.

"ऋग्वेद, तू ज्युरीला बसणार नाहीस."

"सर, कसम से, मी हात पण नाही लावला!" ऋग्वेदने आपल्या कॅनव्हासकडे बोट दाखवलं. "माझ्या पेंटिंगमध्ये पूर्ण भिंत पांढरी आहे. सकाळपासून तीच करतोय. दिसत नाही का कुणाला?"

"मागच्या आठवड्यात तुझं आणि पूर्वाचं भांडण झालं होतं."

"जागेवरून झालं होतं, सर! खिडकीच्या! त्यात चेहरा कुठून आला?"

भांडण खरं होतं. उत्तरेचा स्थिर उजेड एकाच खिडकीतून येतो, आणि ती खिडकी दोघांनाही हवी होती. वर्गासमोर ऋग्वेद तिला म्हणाला होता, "तुझं पेंटिंग मी बघून घेईन." आता ते वाक्य सगळ्यांना आठवत होतं, आणि पूर्वा त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती.

"कृष्णराव," सरांनी हाक मारली. कृष्णराव आमचे स्टुडिओ सहायक. फ्रेमी ठोकणं, कॅनव्हास ताणणं, कुलूप-किल्ली, मॉडेलचं रजिस्टर, सगळं त्यांच्याकडे. "हा कॅनव्हास मागे न्या आणि पूर्ण प्रायमर मारा, सगळं झाकून टाका. पूर्वा दुसरं काहीतरी दाखवेल."

"सर, दुसरं माझ्याकडे नाही आहे," पूर्वा म्हणाली.

"सरावाच्या लहान स्टडीज आहेत ना? त्या लाव."

आता मात्र माझं डोकं तापलं. महिनाभराचं काम आणि हे म्हणतात स्टडीज लाव! मी म्हटलं, "सर, उद्या संध्याकाळपर्यंत मला द्या. कुणी केलं ते मी शोधते. तोवर कॅनव्हासला कुणी हात लावायचा नाही आणि ऋग्वेदचं नावही कापायचं नाही."

"अमिताजी, पोलिसी कामं करायला ठेवलंय का तुम्हाला?"

"नाही. पण शिकवू तर कुणी देत नाही."

सरांनी घड्याळ बघितलं. "उद्या पाचपर्यंत," म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर मला एक गोष्ट खटकली. मुलांच्या चित्रात नाक खुपसल्याशिवाय या माणसाला राहवत नाही. कुणाचाही कॅनव्हास असो, ते एक वीत अंतरावर जाऊन उभे राहतात. आज विभागातलं सगळ्यात चांगलं चित्र बिघडलं होतं, आणि ते दारातून एक पाऊल आत आले नव्हते.

३

आधी बाही. ऋग्वेदचा हात धरून मी पांढऱ्या डागावर अंगठा दाबला. चिकट. तेलरंग, आजचाच, जवसाच्या तेलाचा वास येणारा.

मग चेहरा. तिथे बोट ठेवलं, तर बोटाला भुकटी लागली. कोरडी, मऊ, पिठासारखी.

"इकडे या सगळे," मी म्हटलं. "पांढरा तेलरंग एवढा जाड लावला तर किती दिवसांत सुकतो?"

"आठ-दहा तरी," कुणीतरी म्हणालं.

"आणि ॲक्रिलिक?"

"लगेच. पण त्याची साल निघते मॅडम, रबरासारखी."

"याची पावडर निघतेय. म्हणजे हे दोन्हीपैकी काही नाही. मग ऋग्वेदच्या बाहीचा याच्याशी काय संबंध?"

ऋग्वेदने मोठ्याने श्वास सोडला. पूर्वाने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

मी आणखी जवळ गेले. पांढऱ्यावर ब्रशचा एकही केस उमटला नव्हता. बोटांचे पट्टे होते, बारीक बोटांचे, एकाशेजारी एक, सारवल्यासारखे. आणि काठ! पदराच्या कडेला लागून पांढरं अलगद थांबलं होतं. केसांची एक बट कपाळावर आलेली, तिला वळसा घालून गेलं होतं. चित्राची वाट लावायला आलेला माणूस इतकं जपून काम करत नाही.

कृष्णराव दारात उभे होते. मी विचारलं, "शनिवारपासून स्टुडिओत कोण कोण आलं?"

"शनिवारी बारा वाजता बच्चे लोग गेले, मी ताला लावला. रविवार छुट्टी. काल सोमवारी अकरा ते एक हा ऋग्वेद होता. बाकी सगळे व्हायव्हाची तयारी करत होते."

"एकनंतर?"

"कोणी नाही."

"नक्की?"

"मॅडम, मी वहीं बसलेला असतो. एक बी स्टुडंट आला नाही."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक सरांकडे."

सोमवारी माझे वर्ग दुसऱ्या इमारतीत असतात, त्यामुळे मीही इकडे फिरकले नव्हते. मी चिंधी पाण्यात भिजवली आणि हनुवटीचा एक कोपरा पुसला. पांढरं लगेच सुटलं. पण चिंधी बघितली तर तिच्यावर आणखी एक रंग होता. गुलाबीसर, अंगाचा रंग, लोण्यासारखा ओला.

पूर्वा सहा दिवस घरी होती. तिने चेहऱ्यावर शेवटचा हात फिरवला त्याला तीन आठवडे झाले होते. या उन्हात तो खडखडीत वाळायला हवा.

मी चिंधी नाकाशी नेली. लवंग.

४

जेवणाच्या सुट्टीत मी रिकाम्या वर्गात एकटी बसले आणि डोकं शांत करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बाहेर कुणीतरी पोह्यांवरच्या शेवेवरून भांडत होतं.

लवंगेचं तेल रंगात घातलं की रंग बरेच दिवस ओला राहतो. आमच्या विभागात ते एकच माणूस घालतो. म्हणजे दिवाकर सरांनी पूर्वाच्या चित्रातल्या चेहऱ्यावर स्वतःचा रंग चढवला होता. केव्हा? शुक्रवारी संध्याकाळी मी तो चेहरा पाहिला होता, तेव्हा तो पूर्वाचाच होता. सोमवारी सर भोपाळला बैठकीला गेले होते, हे सगळ्या कॉलेजला माहीत. उरला शनिवार दुपार आणि रविवार, कुलूप लावल्यानंतरचा वेळ. त्यांच्याकडे किल्ली होतीच.

पण मग पांढरं कुणी लावलं? सरांनी? आपणच रंगवलेला चेहरा आपणच झाकतील कशाला? आणि त्यांची बोटं केळ्यांएवढी. ते पट्टे त्यांचे नव्हते. ओल्या रंगावर पांढरं चढलं होतं, म्हणजे ते सरांच्या नंतरचं. सोमवारचं. आणि सोमवारी एकनंतर म्हणे कोणी आलं नव्हतं.

मी खाली जाऊन कृष्णरावांकडून मॉडेलचं रजिस्टर मागितलं. वास्तविक मला बघायचं होतं पूर्वाच्या किती बैठका झाल्या होत्या. शेवटचं पान उघडलं. सोमवार, दुपारी तीन ते चार. नाव गंगूबाई. आणि सहीच्या रकान्यात, वाकड्यातिकड्या अक्षरांशेजारी, अंगठ्याचा पांढरा ठसा.

"कृष्णराव! काल गंगूबाई आली होती!"

"हो ना. तिची आखरी बैठक होती."

"मी तुम्हाला विचारलं, कोण आलं होतं. तुम्ही म्हणालात कोणी नाही!"

"मॅडम, तुम्ही स्टुडंटचं विचारत होत्या," कृष्णराव शांतपणे म्हणाले. "मॉडेल तर मॉडेल आहे."

मी रजिस्टर त्यांच्या टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

५

गंगूबाई बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत राहते. मी रिक्षाने पोहोचले तेव्हा ती उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून जमिनीवर रांगोळीसारखा मांडणा काढत होती. गेरूने सारवलेली जमीन, त्यावर पांढऱ्या रेघा. शेजारी लग्न होतं. कापडाचा बोळा वाटीत बुडवायची, मुठीत दाबायची, आणि बोटावरून पांढरी धार जमिनीवर उतरायची. एकदाही हात थरथरला नाही.

वाटीतलं पांढरं मी ओळखलं.

"खडिया आहे, पांढरी माती," ती म्हणाली. मी काही विचारायच्या आत. "त्या चित्राचं विचारायला आल्या ना तुम्ही?"

"तुम्ही केलंत?"

"मी झूठ कशाला बोलू? मीच केलं."

तिने मला पाट दिला. तिची मराठी निम्मी माळवी आहे, पण रागात असली की सगळं समजतं.

"चार हफ्ते त्या लकडीच्या खुर्चीवर बसली मी. कमर गेली माझी. ती लडकी मला म्हणाली होती, बाई, जशी आहे तशीच काढीन. रोज मला दाखवायची. हे गोंदण बघा," तिने हनुवटी पुढे केली. तीन हिरवे ठिपके, एक जरा सरकलेला. "सात सालची होती, आईनं बेटम्याच्या मेळ्यात काढून घेतलं. तिसऱ्या टायमाला मी हलली म्हणून वाकडं झालं. लडकीनं ते वाकडंच काढलं होतं. मला लई बरं वाटलं."

"मग?"

"सोमवारी गेली तर लडकी नाही. वाट बघितली, मग उठून चित्र बघितलं. माझ्या खुर्चीवर दुसरीच बाई! गाल भरलेले, गोरी, देवीसारखी. गोंदण गायब. मला वाटलं, लडकीला शेवटी शरम वाटली माझ्या तोंडाची."

"म्हणून बिघडवलंत?"

"बिघडवलं?" ती चिडली. "पाण्यानं निघते खडिया! थैलीत होती, या लग्नासाठी घेतलेली. तुमच्याकडचा गोंद कालवला आणि लावली. लडकीची मेहनत मी कशाला बिगाडू? पण ती बाई माझ्या लुगड्यात बसणार नाही."

"अहो, मग कुणाला सांगायचं ना!"

"कुणाला? कृष्णराव म्हणाला, टाइम झाला, सही करो."

मी तिला सांगितलं की तिच्या खडियामुळे एका मुलाला चोर ठरवलंय. तिने वाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदा घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि गंगूबाई," मी म्हटलं, "तो चेहरा त्या मुलीने बदललेला नाही."

६

बुधवारी सकाळी दिवाकर सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी चिंधी टेबलावर ठेवली होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

"मी फक्त हात फिरवला, अमिताजी."

"किती वेळ?"

"शनिवारी दुपारी. तीन-चार तास."

"सर, तीन-चार तासांना हात फिरवणं म्हणत नाहीत."

"मुलगी आजारी. चेहऱ्यात दम नव्हता. बाहेरच्या परीक्षकांसमोर विभागाची इज्जत असते की नाही? माझ्या गुरूंनी माझ्या चित्रांवर असेच हात फिरवले. मी कधी तक्रार केली नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी उपकार केले. माझा त्यामुळे आणखीच संताप झाला.

"आणि ऋग्वेद? पाच वाजता तुम्ही त्या मुलाचं वर्ष घालवणार होतात."

"मला वाटलं त्यानेच केलं."

"पण प्रायमर मारायला सांगितलंत ते का? धुवायला का नाही सांगितलं? धुतलं असतं तर खाली तुमचा हात दिसला असता."

सरांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"जून जवळ आलाय, अमिताजी."

"येऊ दे. ऋग्वेद ज्युरीला बसेल, तसं लिहून द्या. आणि चित्राचं काय करायचं ते पूर्वा ठरवेल."

त्यांनी लिहिलं. 'गैरसमजातून दिलेली सूचना मागे घेण्यात येत आहे.' कुणाचा गैरसमज ते लिहिलं नाही. मी कागद उचलला आणि बाहेर पडले.

स्टुडिओत मी पूर्वाला सगळं सांगितलं आणि आम्ही ओल्या स्पंजने टिपत टिपत पांढरं काढलं. सरांचा चेहरा बाहेर आला. हनुवटी मी आधीच पुसली होती, पण बाकी जवळजवळ तसाच. खरं सांगते, सुंदर होता. कपाळावरून उतरणारा उजेड मलाही तसा जमला नसता.

पूर्वा दहा मिनिटं बघत राहिली. "मॅडम, सरांचा जास्त चांगला आहे."

"हो."

"हा ठेवला तर मला फर्स्ट मिळेल."

"बहुतेक."

"मग काय करू?"

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. दोन दिवस मी रिक्षांतून फिरतेय, नोकरी पणाला लावलीय, आणि ही विचारतेय काय करू! पण मी ब्रश हातात घेतला असता, नुसतं तोंडाने जरी सांगितलं असतं, तरी मी आणि दिवाकर सर यांच्यात फरक काय राहिला असता?

"मी चहा प्यायला जाते," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने परत आले. जिन्यातच टर्पेंटाइनचा वास. आत ऋग्वेद चिंध्या फाडून देत होता आणि म्हणत होता, "यार, तुझ्यामुळे दोन दिवस मी चोर झालो, आता रडू तरी नको. दुसरी घे." सरांचा ओला रंग थराथराने निघत होता आणि खालून सुरकुत्या येत होत्या, मग डोळे, मग तीन हिरवे ठिपके. पण डावा गाल सरांनी घासून रंगवला होता. तिथे पूर्वाचाही रंग सुटला आणि नुसता कॅनव्हास राहिला.

"गाल गेला, मॅडम," पूर्वा म्हणाली. नाक लाल, हात रंगाने बरबटलेले. "गंगूबाई येतील का आज?"

गंगूबाई आली. रिक्षात कमर हलली म्हणून तक्रार करत आली. पूर्वाला तिने एकच विचारलं, "तू नाही केलं ना ते?" पूर्वाने नकारार्थी मान हलवली. गंगूबाई खुर्चीवर बसली. ऋग्वेदने आपलं इझल सरकवून खिडकी मोकळी करून दिली. उजेड जाईपर्यंत पूर्वा रंगवत राहिली.

७

गुरुवारी नागपूरहून आलेल्या परीक्षक बाई त्या चित्रासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. गोंदणाकडे बघितलं, हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "डावा गाल कच्चा आहे."

"हो," पूर्वा म्हणाली. "कालच केलाय."

तिला बी प्लस मिळाला. ऋग्वेदला ए. दिवाकर सर ज्युरीत पूर्ण वेळ हसतमुख होते आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला जूनमध्ये नेमणुकीचं पत्र मिळालं ते वर्षाचं नव्हे, सहा महिन्यांचं. एका बाजूला कोल्हापूरला फोन करून जागा आहेत का विचारते आहे, दुसऱ्या बाजूला पुढच्या सत्राचे कॅनव्हास मागवते आहे. सर अजून लवंगेचं तेल वापरतात. पण मुलांनी घरी जाताना चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवायला सुरुवात केली आहे, आणि ते मी त्यांना शिकवलेलं नाही.

ज्युरीनंतरच्या रविवारी प्रदर्शन होतं. गंगूबाई नवं लुगडं नेसून आली, सोबत बेटम्याची धाकटी बहीण, शांता. येताच गंगूबाईने मोठ्याने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की ती मी, ते माझे हात, आणि पंखा जरा इकडे करा.

शांता चित्रासमोर उभी राहिली. एकदा चित्राकडे बघायची, एकदा बहिणीकडे. मग हळूच म्हणाली, "गंगू, तू एवढी थकली कधी?"

गंगूबाईने तोंड उघडलं, काहीतरी फटकारायला. शांताने तिचा हात धरला आणि दोघी भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या, खांद्याला खांदा लावून.

पूर्वा माझ्याशेजारी होती. तिची नजर बाकावरून हलत नव्हती आणि हात बॅगेत स्केचबुक चाचपत होता.

"आधी त्यांना विचार," मी म्हटलं.

ती गेली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून विचारू लागली.